गच्चीवरची ऋषीची भाजी

८ जून, रविवार

सकाळी मासळीबाजारातून थर्माकोलची खोकी आणली. कोळीण म्हणाली, "घे गो बाय, नुसती बर्फाची आहेत." दोनदा साबण, एकदा लिंबू लावलं, तरी वास जाईना. शेवटी गच्चीवर उन्हात उलटी घालून ठेवली. खाली आले तर आई पलंगावर बसून, नाक वर करून म्हणाली, "यंदा ऋषींना बांगडा वाढायचा विचार आहे का?"

ऑफिसातून मिळालेली डायरी कोरी पडली होती. तिच्यात हे सगळं लिहीत जायचं ठरवलंय. काय कधी लावलं ते तरी लक्षात राहील.

खटाटोप आहे आईच्या ऋषिपंचमीसाठी. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी तिचा उपास असतो. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, आपल्या हातचं खायचं, असा नेम. अळू, माठ, भेंडी, भोपळा, असेल ते एकत्र शिजवायचं. फोडणी नाही, मसाला नाही. दादरच्या बाजारात त्या भाजीचे वाटे लावलेले असतात. आई दर वर्षी वाटा आणायची आणि दर वर्षी म्हणायची, "ह्यात बैल नाही कशावरून?"

जानेवारीत ती न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मीही तेव्हाच नाशिकहून इथल्या ऑफिसात तात्पुरती बदली घेऊन आले. परवा जेवताना म्हणाली, "यंदापासून उपास सोडून द्यावा म्हणते. कुठे आता."

आई आजवर काही सोडून देते म्हणालेली मला आठवत नाही. म्हटलं, आपल्या डोक्यावर गच्ची आहे, मी लावते. मधे फक्त एक जिना. बैल नाही, ट्रॅक्टरही नाही.

राधाबाई लादी पुसता पुसता थांबली. ती सकाळी आईचं आवरायला येते ती दुपारपर्यंत असते. म्हणाली, "आजी, ट्रॅक्टर चालतो का हो ऋषींना?"

"त्यांच्या वेळी नव्हता," आई म्हणाली. "कोण विचारणार."

११ जून, बुधवार

लाल मातीची पोती तिसऱ्या मजल्याच्याही वर चढवायला टेम्पोवाल्याने नकार दिला. मीच बादलीने नेली. कंबर गेली. वरच्या पायरीवर आमचे सेक्रेटरी गंगाधरकाका उभे होते, हात मागे बांधून.

"लतिका, गच्ची सामायिक आहे."

"हो काका. भाजीही सामायिक होईल."

"अळू लावणार आहेस?"

"लावणार आहे."

"मग टाकीच्या अलीकडे ठेव. गळती झाली तर मला सांगू नकोस." म्हणजे परवानगी मिळाली.

माठ आणि भोपळा जिन्याजवळ ठेवले. नर्सरीतून अळूची रोपं आणली, मोठ्या पानांची, चकचकीत; तीही तिथेच. भेंडीला ऊन जास्त लागतं म्हणून तिची खोकी टाकीपलीकडे. तिकडे जायला पाण्याचा जाडजूड पाइप ओलांडावा लागतो. मला एकदा ठेच लागलीच.

१५ जून, रविवार

माठाचं बी कबुतरांनी वेचून खाल्लं. एक दाणा शिल्लक नाही. समोरच्या इमारतीत कुणीतरी रोज कबुतरांना ज्वारी घालतं आणि ती आमच्याकडे तोंड बदलायला येतात. दुसऱ्यांदा पेरलं, वर जुनी मच्छरदाणी ताणून बांधली. मच्छरदाणीवर बसून त्यांनी जे केलं ते लिहिण्यासारखं नाही.

भेंडीला मात्र अंकुर आले आहेत. पहिला अंकुर पाहिला तेव्हा मी उकिडवी बसून बराच वेळ नुसती बघत राहिले. चोपन्नाव्या वर्षी असं काही पहिल्यांदा होईल असं वाटलं नव्हतं.

२१ जून, शनिवार

नाशिकहून फोन, आमच्या ऑफिसातल्या पूर्वीचा. ती माझ्या हाताखाली लागली तेव्हा तिला फाइल बांधता येत नव्हती, आता सगळ्या बातम्या तिलाच आधी कळतात. म्हणाली, "मॅडम, यादी आली. तुमचं नाव आहे. शाखाप्रमुख, इथेच नाशिकला. एक सप्टेंबरला हजर व्हायचंय."

मी कठड्याला टेकून उभी राहिले. तीन वेळा हे नाव यादीतून गळलं होतं. पूर्वी म्हणाली, "हॅलो, आहात ना?"

आईने आतून विचारलं, "कुणाचा गं?"

"ऑफिसचा," म्हटलं.

तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल जा, आणि मग रात्रभर छताकडे बघत पडेल. ही एकटी इथे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पाय असा. विचार करायला ऑगस्टअखेरपर्यंत वेळ आहे. तेव्हा बघू.

शाखाप्रमुख व्हायला आवडलं असतं का? हो. इथे लिहून ठेवते, म्हणजे बोलावं लागणार नाही.

२४ जून, मंगळवार

सौमित्रला कळवलं, धाकटा भाऊ म्हणून. बंगळूरहून म्हणाला, "अरे वा, ताई. पण आईचं काय? तुला काय, तुझं एकटीचं आहे, तू ठरवू शकतेस. आमच्याकडे शाळा, हप्ते..." पुढचं ऐकलं नाही. आपण एकटे आहोत म्हणजे आपल्याकडे काही नाही, असं लोक किती सहज धरून चालतात. मला नाशिकला दोन खोल्यांचं घर आहे, खिडकीत लिंबाचं झाड दिसतं, रविवारी चौघीजणी चालायला जातो. हे कुणाच्या हप्त्यांपेक्षा कमी कसं?

फोन दारात उभं राहून केला होता. आत आले तर आई झोपली होती. चष्मा तसाच डोळ्यांवर होता, काढून ठेवला.

२९ जून, रविवार

आईने अळूचं पान बघायला मागितलं. देठासकट नेऊन दिलं. तिने उलटंसुलटं केलं, देठ नखाने खरवडला, बोट चाटून बघायला गेली आणि थांबली. माझ्याकडे एकदा पाहिलं.

"छान आहे का?" मी विचारलं.

"दिसायला फार छान आहे," ती म्हणाली. मग राधाबाईला हाक मारून पाणी मागितलं आणि हात धुतले.

मला बरं वाटलं. पहिल्याच खेपेला असा तजेलदार अळू सगळ्यांना जमत नसेल.

६ जुलै, रविवार

आज मी आईवर ओरडले. भाजी घेऊन आले तर दार उघडं, ही वॉकर सोडून चौकटीला धरून उभी, नजर वर जाणाऱ्या जिन्यावर. एक पाय पहिल्या पायरीवर.

"आई, काय चाललंय?"

"बघत होते पाय उचलतो का."

"पडलीस म्हणजे? पुन्हा ऑपरेशन? एक पायरी चढलीस तर बघ. भाजी मी आणून दाखवते ना तुला सगळी."

"दाखवतेस," ती म्हणाली आणि मुकाट्याने आत गेली.

गच्चीची किल्ली आमच्याकडे दाराशेजारच्या खालच्या खिळ्यावर असते, बाबांच्या वेळेपासून. ती काढून वरच्या खिळ्यावर टांगली. तिचा हात तिथवर पोचत नाही. आठ महिने काढायचे ते काढले, आता उगाच धाडस नको.

लिहून झाल्यावर वाचलं. आठ नाही, सहा महिने झालेत.

९ जुलै, बुधवार

माठ वर आला, लालभडक. मच्छरदाणी फळली. सकाळी ऑफिसला जाण्याआधी पाणी, संध्याकाळी आल्यावर पुन्हा एक फेरी, मग आईचा व्यायाम, मग स्वयंपाक. आज आईला वरण वाढता वाढता मला डुलकी लागली. पळी तिने हातातून काढून घेतली.

१७ जुलै, गुरुवार

संध्याकाळी वर जायला निघाले तर किल्ली खालच्या खिळ्यावर. मीच विसरले असेन म्हणावं तर सकाळी टाचा उंच करून वर टांगल्याचं स्पष्ट आठवतं. उद्या राधाबाईला विचारीन.

१८ जुलै, शुक्रवार

विचारलं. म्हणाली, "हो ताई, गोधडी वाळत घालायला गेले होते." आणि आईकडे बघितलं. आईने वर्तमानपत्राचं पान उलटलं. भर पावसात गोधडी कोण वाळत घालतं? पण राधाबाईला दुखवून चालणार नाही. आई तिच्याशी मनापासून बोलते. दोघींची दिवसभर काही ना काही कुजबूज चालू असते, मी आले की बंद होते.

२० जुलै, रविवार

अळूचं नवल लिहायलाच हवं. गेल्या रविवारी देठ पोपटी होते. आज काळसर जांभळे. पानंही आधीपेक्षा लहान, पण जाड. वाटलं रोग पडला. आईला येऊन सांगितलं.

"काळा पडला? मग चांगलाच झाला," ती म्हणाली. "वड्या करायच्या जातीचा असतो तो."

"पण आधी नव्हता."

"मातीचा गुण असेल."

मी इंटरनेटवर शोधलं. मातीतल्या लोहामुळे रंग बदलू शकतो असं कुठेतरी वाचलं, तेच असावं. राधाबाईला सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून मोरीत गेली. खोकत होती बहुतेक.

२७ जुलै, रविवार

भोपळ्याचा वेल जिन्याच्या छपरावर चढलाय. काल वाऱ्याने पडेल म्हणून मी सुतळी घेऊन गेले, तर तो आधीच बांधलेला. सुती पट्ट्यांनी, सैल गाठी मारून, वेलाला काचू नये अशा. गंगाधरकाकांखेरीज गच्चीवर येतं कोण? दारात भेटले तेव्हा आभार मानले.

"कशाबद्दल?"

"वेल बांधलात ना."

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "असू दे, असू दे. शेजारधर्म आहे." आणि जाता जाता, "अळू कधी काढतेस?"

पट्ट्या निळ्या किनारीच्या आहेत. आईचं एक जुनं पातळ अशाच किनारीचं होतं. जुन्या लुगड्यांना सगळीकडे त्याच किनारी असायच्या.

३ ऑगस्ट, रविवार

भोपळ्याचं मला समजत नव्हतं. पिवळी फुलं उमलायची आणि गळून जायची. आईने समजावलं. नर फूल वेगळं, मादी वेगळं. मादीच्या देठाशी बारकी गोटी असते. मुंबईत मधमाश्या कुठल्या? नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, आतली दांडी मादीत हलकेच फिरवायची. पण फूल ऊन चढलं की मिटतं, आणि नीट उमलेपर्यंत माझी बस गेलेली असते. रविवार एकच सापडतो.

आज मोठ्या तयारीने गेले. तर एक गोटी आधीच लिंबाएवढी झालेली. म्हणजे माश्या येतात. खोक्याच्या कडेवर एक नर फूल पडलं होतं, पाकळ्या साफ काढलेलं. कबुतरांनी तेही सोडलं नाही.

दुपारी व्यायाम घेणाऱ्या डॉक्टर सलोनी आल्या होत्या. आईची मांडी चाचपून म्हणाल्या, "आजी, काय करताय? स्नायू छान भरलेत. पायऱ्यांचा व्यायाम सुरू केलात का?"

"लतिका घेते ना करून," आई म्हणाली.

मी सुखावले. रोज संध्याकाळी पलंगावर बसून दहा वेळा पाय उचलायला लावते, त्याचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

डॉक्टर गेल्यावर आईने दुसरी भाकरी मागून घेतली.

१० ऑगस्ट, रविवार

गंमत अशी आहे, की मी सगळ्यात जास्त राबते ती भेंडीसाठी, आणि भेंडीचीच रड आहे. पानांखाली माव्याची कीड. रोज सकाळी पाइप ओलांडून जायचं, एकेक पान उलटं करायचं, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून पुसायचं. दुसऱ्या दिवशी मावा पुन्हा हजर. चार भेंड्या आल्या त्या वाकड्या. जिन्याजवळचा माठ, अळू, भोपळा यांच्याकडे मी बघतही नाही आणि ते माजलेत. माठाचे शेंडे तर असे हिशेबात खुडल्यासारखे दिसतात की रोप आपोआप झुपकेदार झालंय. झाडांचं हे असंच असेल. ज्याच्या मागे लागावं ते रुसतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. आईच्या वॉकरच्या रबरी बुडाला लाल माती होती. म्हटलं मी चपलेने घरात आणते. आजपासून चपला बाहेर.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी होती म्हणून दिवसभर घरी. आई बेचैन. सकाळपासून तीनदा विचारलं, "तू कुठे बाहेर जाणार नाहीस का? मैत्रिणीकडे वगैरे?"

"तुला सोडून?"

"मला काय होतंय," ती म्हणाली. मग घड्याळ, मग छत, मग पुन्हा घड्याळ.

मी घरी असले की तिला उलट अवघडल्यासारखं होतं. नाशिकची ऑर्डर तिला न सांगताच नाकारावी हे बरं. कळलं तर तिला ओझं होईल.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस कोसळतोय. ऑफिस बंद. खाली रस्त्यावर कमरेएवढं पाणी. छत्री उलटी झाली म्हणून प्लास्टिक पांघरून वर गेले. गच्चीच्या पन्हळीचं तोंड पालापाचोळ्याने तुंबलेलं, हाताने मोकळं केलं. अळू न्हाऊन ताठ. भेंडीचं एक खोकं उलथलं, तीन झाडं गेली. ती हातात घेऊन उभी होते तेव्हा रडू आलं, भेंडीचं असं काय ते कळेना.

खाली आले तर आई दारात, टॉवेल घेऊन. "भोपळ्याखालची वीट सरकली नाही ना? नाहीतर फळ पाण्यात सडेल."

"नाही, आहे तशीच आहे."

टॉवेलने केस पुसताना मनात आलं, वीट आहे हे तिला कसं माहीत? मीही ती आजच पाहिली. काकांनी ठेवली असणार आणि राधाबाईने सांगितलं असणार. या इमारतीत एक वीट हलली तरी तिघांना कळतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पूर्वीने तिच्या गावच्या पोळ्याचे फोटो पाठवले. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग. आईला दाखवले. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

"आज याला कुणी जुंपणार नाही," ती म्हणाली. "पुरणपोळी खाऊन नुसता उभा राहणार."

"उद्या आहेच पुन्हा."

"उद्या असू दे. एक दिवस तरी दुसऱ्याने आपलं आपण ओढावं." मोबाइल परत देताना माझ्या बोटांकडे बघत राहिली. साबणाच्या पाण्याने कातडी सोलवटली आहे.

पूर्वीने खाली लिहिलं होतं, 'मॅडम, केबिन रंगवून घेतली, पिस्ता रंग, चालेल ना?' उत्तर दिलं नाही. ऑफिसला नकार कळवायचा मजकूर लिहून ठेवलाय. 'कौटुंबिक कारणास्तव.' पुढच्या शुक्रवारी पाठवायचा, सणाच्या तोंडावर नको. ठरवल्यावर हलकं वाटायला हवं होतं. ते काही वाटलं नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. आमचा गणपती गावी मोठ्या काकांकडे, म्हणून घरी नुसते मोदक. आईने खुर्चीत बसून कळ्या पाडल्या, माझ्यापेक्षा सुबक. गंगाधरकाकांकडे आरतीला गेले. ते सगळ्यांना सांगत होते, "गच्चीवर आम्ही अळू लावलाय."

उद्या पहाटे उठून भाजी काढायची. रजा टाकली आहे. भोपळा नारळाएवढा झालाय, कोवळा. भेंड्या जेमतेम नऊ, त्यातल्या दोन बऱ्या. पण आहेत. आईला आज सांगितलं, "उद्या बैलाचं काही नसेल तुझ्या पानात."

"नसेलच," ती म्हणाली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

घडलं तसं लिहिते.

गजर व्हायच्या आधी जाग आली. आईचा पलंग रिकामा. न्हाणीघरात दिवा नाही. दार नुसतं लोटलेलं, वॉकर जिन्याच्या तोंडाशी उभा, दोन्ही खिळे रिकामे. मी जिना कसा चढले आठवत नाही.

आई उलट्या बादलीवर बसली होती. पदर खोचलेला, मांडीवर परात, हातात विळी. अळूची पानं देठासकट कापून एकावर एक ठेवत होती. केस ओले होते. सगळी आंघोळबिंघोळ उरकून आली होती.

"आई."

"हळू बोल. काका उठतील, वाटा मागायला येतील."

"तू वर कशी आलीस?"

"जिन्याने."

मी खाली बसले. ती कापत राहिली. म्हणाली, "पहिले पंधरा दिवस राधाबाई मागे उभी राहायची, मी बसून बसून चढायचे. पायरीवर बूड टेकायचं, पाय वर घ्यायचे, पुढच्या पायरीवर बूड. उतरतानाही तसंच. मग कठड्याला धरून. आता एकटी येते. तू बसमध्ये चढलीस की आम्ही इकडे."

"कधीपासून?"

"तू किल्ली वर टांगलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. राधाबाई उंच आहे. आजची किल्ली तिने कालच काढून दिली होती."

अळूचं विचारलं. ती हसली. मी आणला होता तो शोभेचा होता. कुंडीत ठेवायचा, खाल्ला तर घसा धरतो. राधाबाईच्या वाडीतले कंद पानांसकट आणून दोघींनी तो बदलला. पट्ट्या तिच्याच पातळाच्या. फुलंही तिनेच लावली.

"मग मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू येऊ दिलं असतंस?"

मी म्हटलं, "पण कशासाठी? मी करतच होते ना तुझ्यासाठी."

आईने विळी परातीत ठेवली. "लते, नेम काय सांगितला होता मी? बैलाच्या कष्टाचं नाही, आणि आपल्या हातचं. तू अर्धाच ऐकलास. सकाळी पाणी, मग ऑफिस, मग माझे पाय, मग स्वयंपाक. वरण वाढताना झोपलीस त्या दिवशी. बैल गेला आणि त्याच्या जागी तुला जुंपून मी उपास सोडायचा? तो उपास काय कामाचा."

मी कबुतरांकडे बघत राहिले. ती एका ओळीत बसून आमच्याकडे बघत होती.

तेवढ्यावर थांबली असती तर ती आई कसली. म्हणाली, "आणि नाशिकचं. दारात उभं राहून फोन करतेस, मला पायाचा त्रास आहे, कानाचा नाही."

"मी नाही म्हणणार आहे."

"माझ्यामुळे?"

"हो."

"मग माझ्यामुळे नको म्हणूस. दुसरं कारण असेल तर सांग." ती थांबली. मला सांगण्यासारखं काही सापडेना. एक होतं, ते म्हणजे भीती वाटते. पण ते तिला माझ्या तोंडावर दिसत असावं. "एवढ्या पायऱ्या बुडावर चढले मी या वयात," ती म्हणाली. "खुर्चीवर बसायचंय तुला फक्त."

भाजी तिनेच केली. खोबरं, मिरची, चिंचेचा कोळ, बाकी काही नाही. मी पाट मांडला, पान वाढलं. अळू, माठ, भोपळा दिसत होते. माझ्या नऊ भेंड्या ताटलीत तशाच पडलेल्या.

"भेंडी राहिली," मी म्हटलं.

"राहिली नाही, ठेवली. तो पाइप मला ओलांडता आला नाही. भेंडी सगळी तुझ्या कष्टाची आहे, मला आज चालत नाही." आणि पहिला घास घेताना, "तुझा उपास नाही. तुला परतून देते, तू खा."

तिचं जेवण झाल्यावर खरंच परतून दिली. मी सगळी खाल्ली, वाकड्यांसकट. जून होत्या.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

लिहून ठेवलेला नकार काढून टाकला. पूर्वीला कळवलं, पिस्ता रंग चालेल.

सौमित्रला फोन करून सांगितलं, दर महिन्यातला एक आठवडा त्याचा. तो "शाळा" म्हणाला. मी म्हटलं, "बघ कसं जमतंय." फोन ठेवल्यावर आई आतून म्हणाली, "दारात उभी राहूनच बोलत जा, बरं ऐकू येतं."

डॉक्टर सलोनी म्हणाल्या, सकाळी एकदा वर जायला हरकत नाही, सोबत कुणी हवं, आणि भिंतीच्या बाजूनेही धरायला दांडी हवी. राधाबाई आता संध्याकाळपर्यंत थांबेल. मला अजूनही त्या जिन्याची धास्ती वाटते. आईला वाटत नाही. यात बरोबर कोण, ते मला कळत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

सुतार येऊन भिंतीला दांडी बसवून गेला. आईने ती धरून हलवून पाहिली आणि म्हणाली, जरा खाली हवी होती.

दुपारची गाडी आहे. पिशवीत तिने एक अळूचा कंद ओल्या फडक्यात गुंडाळून दिलाय, राधाबाईच्या वाडीतला, खाण्याचा. खिडकीतल्या लिंबाखाली लावायचा. आईने बजावलंय की रोज पाणी घालू नको, मरू दे थोडं, आपोआप धरतं.

भेंडी कुणी बघायची, हा प्रश्न होता. गंगाधरकाकांनी स्वतःहून जबाबदारी घेतली. मावा म्हणजे काय हे त्यांना अजून माहीत नाही.

निघण्याआधी गच्चीवर एक चक्कर मारून आले. खाली येऊन कुलपाची किल्ली हातात घेतली तेव्हा सवयीने टाचा उंच झाल्या होत्या. मग वरचा खिळा पकडीने उपटून काढला आणि किल्ली खालच्या खिळ्यावर लावली.